मधोमध उभे राहा

हैदराबादेत हयात घालवलेल्या माणसाच्या घरी त्याचा स्वतःचा चारमिनारपुढे काढलेला फोटो बहुधा सापडत नाही. चारमिनार हा पाहुण्यांसाठी असतो. सोलापूरची आत्या, परभणीचे मामा, पुण्याचे व्याही असे कोणी आले म्हणजे आपण त्यांना गोवळकोंडा, सालारजंग संग्रहालय आणि चारमिनार असा तिहेरी फेरा घडवून आणतो, त्यांचे फोटो काढतो, आणि ते फोटो यथाकाल त्यांच्या घरच्या अल्बमात जाऊन बसतात. आपण कोठेच नसतो, कारण कॅमेरा आपल्या हाती असतो. इंदूरच्या आणि बडोद्याच्या वाचकांना आपापल्या राजवाड्यांपुढे हाच अनुभव येत असावा, असा आमचा कयास आहे.

आमच्या घरी मात्र असा एक फोटो आहे. तो कसा निघाला, किंवा अधिक खरे सांगायचे तर कसा निघाला नाही, ते सांगण्याचे निमित्त आमच्या नातीने आणले.

गेल्या हिवाळ्यात ती पुण्याहून सुटीला आली. तिच्या हातातल्या फोनला तीन भिंगे आहेत. तरीही आल्याच्या दुसऱ्याच दिवशी तिने विचारले, "आजोबा, तुमचा तो रोलचा कॅमेरा आहे ना अजून?" तिच्या वयाच्या मुलामुलींना रोलच्या कॅमेऱ्याचे वेड नव्याने लागले आहे, हे आम्हांस तेव्हा कळले. लोखंडी कपाटाच्या वरच्या कप्प्यात, डांबरगोळ्यांच्या वासात, चामडी पेटीसकट कॅमेरा निघाला. हैदराबादची हवा कोरडी, त्यामुळे भिंगाला बुरशी लागली नव्हती. पाठीमागच्या झाकणाच्या कडेचा स्पंज मात्र विरघळून काळ्या गुळासारखा चिकट झाला होता. त्यातून उजेड आत गेला की रोल वाया जातो. आमच्या सौ.ने काडेपेटीच्या काडीने तो खरवडून काढला आणि त्या खाचेत स्वेटरमधली उरलेली काळी लोकर घट्ट दाबून बसवली. दोन पेन्सिल सेल घातले, बटण दाबले, आणि चाळीस वर्षांपूर्वीचा तो बारीक 'खट्' आवाज जसाच्या तसा ऐकू आला. सौ.चे डोळे भरून आले. आमचे आले नाहीत, असे आम्ही म्हणणार नाही.

हा कॅमेरा आमचे मेहुणे १९८० साली कुवेतहून घेऊन आले. त्या काळी हैदराबादच्या किती तरी घरांत आखाती देशांतून कोणी ना कोणी परत येई आणि त्याच्या पेटीतून टेपरेकॉर्डर, घड्याळ, सेंटची बाटली आणि जपानी कॅमेरा बाहेर पडे. त्याआधी आमच्याकडे आग्फाची क्लिक-थ्री होती. तिला फोकस नावाचा प्रकार जवळजवळ नव्हताच. ऊन असले की फोटो येई, सावली असली की देवावर हवाला. आमच्या एका स्नेह्यांकडे यॅशिका होता. त्याच्या खिडकीतून पाहिले की मधोमध एक पिवळसर ठिपका दिसे आणि त्यात माणसाच्या दोन प्रतिमा. भिंगाचे कडे फिरवून त्या एकमेकींवर नेमक्या बसवायच्या, मग बटण दाबायचे. तोवर बारशाचे बाळ झोपी जाई.

नव्या कॅमेऱ्यात हे काम यंत्र स्वतः करीत असे. आपोआप फोकस करणारा आणि बाजारात सर्रास विकला गेलेला पहिला कॅमेरा जपानात १९७७ साली निघाला. त्याचे नाव कोनिका सी-३५ एएफ. त्यातली अंतर मोजण्याची युक्ती हनीवेल या अमेरिकन कंपनीची होती. जपान्यांनी त्याला लाडाने 'जास्पिन' म्हटले, म्हणजे फोकस अगदी बरोबर. पुढे दोन-तीन वर्षांत त्याच जातीचे कॅमेरे अनेकांनी काढले. आमचा त्यांपैकीच एक. त्याचे नाव सांगत नाही, कारण पुढे जी कथा येणार आहे तिच्यात त्या कंपनीचा काही अपराध नाही.

मेहुण्यांनी कॅमेरा टेबलावर ठेवला तेव्हा सर्वांत आधी तो हातात घेतला अण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी. अण्णा निजामाच्या राज्यात भूमापन खात्यात लागले, आणि पोलीस कारवाई होऊन राज्य बदलले तरी त्याच खात्यात राहिले. १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली, मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात गेले, तेव्हा त्यांच्या थोरल्या भावाने औरंगाबाद पत्करले आणि अण्णा येथेच थांबले. मोजणीला ते अखेरपर्यंत 'पैमाइश' म्हणत आणि साखळीला 'जरीब'. त्यांची सारी नोकरीच उर्दूत सुरू झालेली. त्यांनी कॅमेऱ्याच्या कपाळावरच्या दोन लहान खिडक्या पाहिल्या, त्यांच्यावर आळीपाळीने बोट ठेवून पाहिले आणि म्हणाले, "हा त्रिकोण मोजतो."

मग पाकिटाच्या पाठीवर त्यांनी आकृती काढून दाखवली. दोन खिडक्या म्हणजे पाया. समोरचा माणूस म्हणजे शिखर. नाकापुढे बोट धरून आधी एक डोळा मिटावा, मग दुसरा. बोट जागचे हलल्यासारखे दिसते. बोट जितके जवळ, तितके ते अधिक हलते. या कॅमेऱ्यात एका खिडकीमागे स्थिर आरसा आहे आणि दुसरीमागे फिरता. दोन्ही खिडक्यांतून येणारी उजेड-अंधाराची नक्षी एकमेकींशी जुळली की आतले यंत्र इशारा देते आणि भिंग त्या अंतरावर थांबते. अण्णा म्हणाले, लॅम्टनसाहेबाने दक्षिणेपासून हाच त्रिकोणांचा फास टाकीत टाकीत हिंदुस्थान मोजायला घेतला होता. तो लॅम्टन १८२३ साली नागपूरच्या वाटेवर हिंगणघाटास वारला, हे त्यांनी आम्हांला शंभर वेळा तरी सांगितले असेल. एका दुर्बिणीवाल्या गोऱ्या साहेबाने मराठी मुलखात देह ठेवावा, याचे त्यांना फार अप्रूप होते.

यंत्र शहाणे होते, पण त्याचे शहाणपण खिडकीच्या मधोमध आखलेल्या एका चौकटीपुरते होते. त्या चौकटीत जे येईल तेच ते मोजी. नंतरच्या बहुतेक कॅमेऱ्यांत अर्धे बटण दाबून अंतर धरून ठेवायचे आणि मग कॅमेरा हवा तसा वळवायचा, अशी सोय आली. आमच्यात ती नव्हती. शिवाय जुळवण्यासाठी नक्षी लागते. कुतुबशाही मकबऱ्यांच्या सपाट चुन्याच्या भिंतीपुढे ते गोंधळे, कारण तेथे जुळवायला काहीच नाही. पैगा मकबऱ्यांच्या जाळ्यांपुढे त्याहून अधिक गोंधळे, कारण तेथे सारेच सारखे. कोणते भोक कोणत्या भोकाशी जुळवावे? गणेशोत्सवातल्या नाटकाचे फोटो काढले, तर फ्लॅशचा उजेड चार हातांवर संपला आणि पहिल्या रांगेतल्या प्रतिष्ठितांची टकले तेवढी झळाळून निघाली. नायक-नायिका अंधारात. मंडळाच्या अहवालासाठी ते फोटो मागून नेले होते. ते सन्मानाने परत आले.

हे सारे नातीला सांगत आम्ही रविवारी सकाळी निघालो. रोल तिने टपालाने मागवला होता, ३६ फोटोंचा. एके काळी तेवढ्या रोलात आमची दिवाळी, संक्रांतीचे हळदीकुंकू आणि शिमगा एवढे सगळे बसत असे.

सुलतान बाजारात आता डोक्यावरून मेट्रो जाते. २०२० साली ती सुरू झाली आणि बाजाराच्या काही भागावर कायमची सावली पडली. खाली गल्ल्या त्याच. विवेकवर्धिनीच्या फाटकाशी नातीने पहिला फोटो काढला. केशवराव कोरटकर आणि वामनराव नाईक यांच्या पिढीने उभी केलेली ही शाळा. आम्ही येथे बाराखडी शिकलो, आमचा मुलगाही शिकला. नात शिकली नाही. तिला पाटीवरचे देवनागरी अक्षर वाचता येते याचाच आम्हांला आनंद. फाटकापुढे आम्ही उभे राहिलो आणि चौकट आमच्या सदऱ्याच्या गुंड्यांवर धरून तिने बटण दाबले.

पलीकडे कोठीची जुनी रेसिडेन्सी. इंग्रज वकील कर्कपॅट्रिक याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बांधवलेली ही वास्तू, नंतर कित्येक वर्षे मुलींचे कॉलेज आणि आता महिला विद्यापीठ. तिच्या खांबांकडे पाहताना आम्हांला नेहमी राजा दीनदयाळांची आठवण होते. भिंगाच्या धंद्यातला हैदराबादचा हा मूळपुरुष मराठी नव्हता, परंतु त्याला हात देणाऱ्यांत एक मराठी संस्थानिक होता, ही गोष्ट इंदूरकरांनी अभिमानाने लक्षात ठेवावी. जन्म १८४४ चा; रुडकीस स्थापत्याचे शिक्षण; इंदुरात बांधकाम खात्यात नोकरी; तेथे दुसऱ्या तुकोजीराव होळकरांचे उत्तेजन. पुढे सहावे निजाम मीर महबूब अली खान यांचे ते दरबारी छायाचित्रकार झाले आणि 'मुसव्विर जंग' हा किताब मिळाला. १८९२ साली त्यांनी पडद्यातल्या स्त्रियांसाठी निराळा स्टुडिओ काढला आणि तो चालवायला एक इंग्रज बाई ठेवली. म्हणजे ज्या काळी आमच्या घरच्या बायका परक्यापुढे डोक्यावरचा पदर सावरीत, त्या काळी या शहरातल्या बेगमा काचेच्या पट्टीवर उतरत होत्या. दीनदयाळांना प्रत्येक चित्रासाठी एकेक जड काच हाताळावी लागे. आमच्या नातीला ३६ फोटो म्हणजे फारच थोडे वाटले.

अफझलगंजावरून नयापूल ओलांडला. मुसा नदीकडे पाहावेसे वाटत नाही, इतके तिचे पाणी काळे झाले आहे. १९०८ च्या सप्टेंबरात तिला महापूर आला तेव्हा हजारो माणसे वाहून गेली, आणि काठावरच्या एका चिंचेने आपल्या फांद्यांवर दीडशेजणांना तारले. ते झाड उस्मानिया दवाखान्याच्या आवारात आहे. नातीने त्याचा फोटो काढला. मदिना, पथ्थरगट्टी, मग कमानी, आणि गुलजार हौजापाशी आल्यावर समोर चारमिनार.

येथेच १९८३ च्या डिसेंबरात आम्ही अण्णांना आणि माईला उभे केले होते.

औरंगाबादच्या काकांचे पत्र आले होते. भावाला आणि वहिनीला पाहून सहा वर्षे झाली, आता गुडघे प्रवास करू देत नाहीत, तरी दोघांचा एक फोटो पाठवावा, आणि जमल्यास चारमिनारपाशी काढावा. आपण तरुणपणी तेथे सायकली लावून चहा पीत होतो, त्याची आठवण म्हणून. अण्णांनी पत्र दोनदा वाचले आणि काही न बोलता कोट इस्त्रीला दिला.

माई जन्मात फोटोसाठी म्हणून घराबाहेर पडली नव्हती. तिने इरकली नेसली, नथ घातली, मग काढून ठेवली, पुन्हा घातली. दुपारी चारला निघायचे ते निघालो, परंतु वाटेत लाड बाजार. लाखेच्या बांगड्यांच्या दुकानात तिने दीड तास घालवला. सुनांना, लेकींना, शेजारणीला. प्रत्येकीच्या मनगटाचे माप तिला पाठ होते. अण्णा दुकानाबाहेर हातातल्या काठीने फरशी मोजत उभे. आम्ही घड्याळ पाहत होतो. बाहेर आलो तेव्हा सूर्य बुडाला होता आणि आकाशात तेवढा उजेड राहिला होता.

त्या वेळी मोटारी, बसगाड्या, रिक्षा साऱ्या चारमिनारला वेढा घालून जात. गर्दीत जरा मोकळी जागा पाहून दोघांना उभे केले. अण्णा ताठ. माई पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन. मध्ये हातभर अंतर. त्या पिढीची नवराबायको भर रस्त्यात एकमेकांना खेटून उभी राहत नसत, आम्ही "जरा जवळ या" म्हटले, तर माई म्हणाली, "आहोत तेवढे पुरे." आम्ही खिडकीतून पाहिले. डावीकडे अण्णा, उजवीकडे माई, आणि दोघांच्या मधून नेमका चारमिनार. चित्र इतके सुरेख जमले होते की आम्ही चौकटीचा विचारच केला नाही. खट्.

दहा दिवसांनी रोल धुऊन आला. चारमिनारवरच्या घड्याळाचे काटे वाचता येत होते. मिनारांवरची फुले मोजता येत होती. आणि अण्णा-माई म्हणजे धुक्यातल्या दोन आकृती. एक काळा कोट, एक हिरवी इरकली, चेहऱ्यांच्या जागी दोन पुसट डाग. यंत्राने त्या हातभर फटीतून पलीकडचे पाहिले होते. भर उन्हात हा अपराध बराचसा झाकला गेला असता, कारण तेव्हा भिंगाचे तोंड बारीक होते आणि जवळचे-लांबचे दोन्ही बऱ्यापैकी स्पष्ट येते. सांजवेळी ते तोंड पूर्ण उघडलेले. जेथे मोजणी, तेवढेच स्पष्ट.

आम्ही खजील झालो. अण्णांनी चष्मा लावून फोटो बराच वेळ पाहिला. म्हणाले, "पैमाइश बरोबर आहे. खूण चुकली." माईने बाजूने डोकावले आणि म्हणाली, "चारमिनार मात्र छान आला हो." पुन्हा जाऊ, येत्या रविवारी जाऊ, असे ठरले. संक्रांत आली, मग परीक्षा, मग उन्हाळा. फोटो तोवर तसाच औरंगाबादला गेला. काकांचे उत्तर आले: चारमिनार ओळखला, तुम्हां दोघांना अंदाजाने ओळखले.

१९८४ च्या श्रावणात माई गेली. भिंतीवर लावायला तिचा एकटीचा फोटो नव्हता. एका लग्नातल्या समूहातून तिचा चेहरा कापून मोठा करून घेतला. त्यात तिच्या खांद्यावर कोणा परक्याचा हात अर्धा आला आहे. स्टुडिओवाल्याने तो रंगवून झाकला, तरी आम्हांला दिसतो. दोघांचा एकत्र असा फोटो तो एकच, चारमिनारचा. त्याची आमच्याकडची प्रत अण्णांच्या मोजणीच्या कागदांत १९९६ साली, त्यांच्या पश्चात, सापडली. पाठीवर त्यांच्या बारीक उर्दू अक्षरात तारीख होती आणि तिच्याखाली एक लहानसा त्रिकोण काढलेला होता.

त्यानंतर घरात एक नियम पडला. दोघांनीच उभे राहायचे नाही. मधोमध कोणी तरी हवे. जोडपे असले की त्यांच्यामध्ये एक मूल उभे करायचे, मूल त्यांचे असो वा शेजाऱ्यांचे. १९८४ पासून पुढच्या आमच्या सगळ्या अल्बमांत, कोणाच्याही मुंजीत, डोहाळजेवणात, साठीशांतीत, मध्ये एक पोर आहे. बाहेरच्या माणसाला वाटावे, या घराला मुलांची फार हौस. आमचा मुलगा तर त्या काळात इतक्या जोडप्यांमध्ये उभा राहिला की त्याला हाक मारायला लोक 'अहो, तुमचा मधला' म्हणत, वास्तविक तो एकुलता एक.

नात ही कथा लहानपणापासून ऐकत आली आहे. चारमिनारभोवती आता दगडी फरसबंदी आहे, मोटारींना बंदी आहे, त्यामुळे माणसे मात्र चौपट. सारेजण फोन उंचावून उभे. फोन चेहरा ओळखतो, डावीकडचा, उजवीकडचा, सगळ्यांचा. त्याला मधोमध कोण आहे याची फिकीर नाही. एक फुगेवाला मुलगा आमच्या कॅमेऱ्यामागे येऊन उभा राहिला. "अंकल, दिखाव ना." आम्ही कॅमेऱ्याची पाठ दाखवली. काळे झाकण पाहून तो म्हणाला, "इसमें तो कुछ दिखताच नहीं!" आणि हसत निघून गेला.

"आजोबा, आजी, तिथे उभे राहा," नात म्हणाली. "आणि अण्णापणजोबांसारखे नको. जवळ या."

आम्ही सरकलो. सौ. थोडी सरकली. आमच्या मध्ये हात नव्हता, पण वीतभर होती.

"अजून."

"लोक बघतायत ग," सौ. म्हणाली. तिच्या हातात लाड बाजारातल्या बांगड्यांचा डबा होता, नातीसाठीच घेतलेल्या. उन्हे उतरायला लागली होती. नातीने खिडकीतून पाहिले, मान हलवली, पुन्हा पाहिले.

"आजी, डबा वर धर. तुमच्या दोघांच्या मध्ये. छातीशी. हां, त्याच्यावरची अक्षरे माझ्याकडे कर."

सौ.ने डबा धरला. आम्ही कोटाची गुंडी लावली. खट्.

संध्याकाळी नातीने मोजले, रोलात अकरा फोटो शिल्लक होते. रोल संपल्याशिवाय काढायचा नाही, हा घरचा जुना रिवाज तिलाही मान्य. चार दिवसांनी ती पुण्याला गेली. आमच्या वस्तीतला रोल धुणारा स्टुडिओ केव्हाच मोबाइलचे दुकान झाला आहे. रोल संपला की तो मुंबईस पाठवायचा, असा पत्ता ती लिहून ठेवून गेली आहे. कॅमेरा टेबलावर आहे. काल सौ.ने विचारले, "संपवणार कधी तो?" आम्ही म्हटले, पाडव्याला गुढीचे दोन काढू, मग रामनवमी आहे, आणि खालच्या मजल्यावरच्या नव्या जोडप्याचेही एक-दोन काढता येतील. त्यांना अजून मूल नाही. सौ. म्हणाली, डबा आहे की.